31 डिसेंबरच्या रात्री पवनेच्या पाण्यावर एकही जीव जाऊ नये म्हणून आवाहन

पवना धरणाच्या काठावरचे ग्रामस्थ, कॅम्पवाले, बोटवाले आणि दरवर्षी इथे मुक्कामाला येणारे पाहुणे, सर्वांना सप्रेम नमस्कार.

31 डिसेंबरला ठाकूरसई, फांगणे, आंबेगाव, ब्राह्मणोली या सगळ्या काठांवर तंबूंची रांग लागते. बाराच्या ठोक्याला चहूबाजूंनी आतषबाजी सुरू होते आणि तिचे प्रतिबिंब पाण्यात पडते. ते पाण्यातून पाहायला मिळावे म्हणून काही जण रात्री बोट बाहेर काढायला सांगतात आणि काही बोटवाले काढतातही. हे आवाहन त्यासाठीच आहे. आमचे पहिले म्हणणे असे की, त्या दिवशी सूर्य मावळल्यावर एकही प्रवासी बोट पाण्यात असू नये. दुसरे म्हणणे असे की, तरीही कुणी पाण्यात उतरले तर त्याला बाहेर काढायला चार सुसज्ज बोटी आणि चाळीस तयार माणसे काठावर हवीत. आज तेवढी सामग्री आमच्याकडे नाही. ती जमवायला तुमची मदत हवी आहे.

धोका कुठे आहे ते आधी नीट सांगतो, म्हणजे मागितलेली प्रत्येक वस्तू कशासाठी हे कळेल.

आपल्याकडे काठावर उडवतात ते बहुतेक खोक्यातले स्काय शॉट. 30, 60, 120 नळ्यांचे खोके जमिनीवर ठेवायचे, वात पेटवायची आणि मागे पळायचे. प्रत्येक शॉट सुटताना खोक्याला खाली दणका बसतो. सुरुवातीला खोके जड असते, म्हणून जागेवर राहते. अर्धे रिकामे झाले की ते हलके होते आणि नाचू लागते. त्यात डिसेंबरात धरण बरेचसे भरलेले असते, त्यामुळे तंबूंपुढची मोकळी जागा म्हणजे पाण्याकडे उतरणारी ओलसर माती. खोके आडवे पडले तर बहुधा पाण्याच्या दिशेनेच पडते आणि उरलेले शॉट पाण्यावरून सरळ, माणसाच्या छातीच्या उंचीने जातात. तिथे अंधारात बोट उभी असेल तर बोटीतल्या माणसांना आडोसा कसलाच नसतो. बोटीवर ताडपत्रीचे किंवा नायलॉनचे छत असेल तर एका ठिणगीत ते वितळून अंगावर गळते. पायाशी पेट्रोलचा कॅन असेल तर पुढचे सांगायला नको.

उपाय फार सोपा आहे. खोके उघड्यावर ठेवूच नका. फळांचे लाकडी खोके किंवा घमेले घ्या, त्यात माती भरा आणि स्काय शॉटचे खोके त्यात निम्म्याहून जास्त पुरा. वरची तोंडे तेवढी मोकळी राहू द्या. खाली सपाट फळी टाका. फळी समपातळीत आहे का हे पाहायला थोडीशीच हवा ठेवून पाण्याने जवळजवळ पूर्ण भरलेली बाटली तिच्यावर आडवी धरा. आतला बुडबुडा मध्यावर थांबला की फळी बरोबर. बाटली नव्वद अंश फिरवून दुसऱ्या दिशेनेही एकदा पाहा, कारण उतार दोन्हीकडून असू शकतो. जो शॉट उडाला नाही त्याच्यावर वाकून पाहू नका आणि परत वात लावू नका. किमान अर्धा तास थांबा, मग लांबून बादलीभर पाणी ओता आणि खोके रात्रभर भिजत ठेवा.

मोठे औट, म्हणजे नळीतून आकाशात सोडून वर फुटणारे गोळे, उडवायचे असतील तर तो परवानाधारक माणसाचाच उद्योग आहे. अमेरिकेत अशा आतषबाजीसाठी एनएफपीए 1123 ही सुरक्षा संहिता पाळतात. तिच्यात प्रेक्षकांपासून औटाच्या व्यासाच्या दर इंचाला 70 फूट अंतर सांगितले आहे, म्हणजे 3 इंची औटाला 210 फूट आणि 6 इंचीला 420 फूट. आमच्या मते पाण्यावर हा हिशोब इंचाला 100 फूट धरावा. काठावरच्या प्रेक्षकाला मागे सरकता येते, बोटीतल्याला येत नाही. शिवाय न फुटलेला औट वाऱ्याने वाहत जाऊन पाण्यावर कुठे पडेल ते कुणालाच सांगता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये नववर्षाच्या रात्रीसाठी 11.55 ते 12.30 ही वेळ ठरवून दिली आणि फक्त हरित फटाक्यांना मुभा दिली. लडींवर बंदी आहे. ही 35 मिनिटे सगळ्या कॅम्पनी पाळली तर पाण्यावर किती वेळ डोळ्यांत तेल घालून बसायचे हे आम्हालाही नक्की कळेल. तुमच्या पाहुण्यांना हे बुकिंगच्या वेळीच सांगा. हवेत सोडायचे कागदी कंदील तर नकोतच. या दिवसांत तुंग-तिकोन्याच्या उतारावरचे गवत वाळून कोळ झालेले असते, एक कंदील वणव्याला पुरेसा आहे.

आता पाण्यावरचे. आतषबाजी सुरू असताना बोटीतली माणसे एका बाजूला सरकतात, कारण सगळ्यांना तेच आणि त्याच वेळी पाहायचे असते. 30 सप्टेंबर 2009 रोजी केरळात थेक्कडीच्या तलावात काठावरचे प्राणी पाहायला प्रवासी एका बाजूला गेले, बोट कलंडली आणि 45 जण गेले. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून 12 मुले आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत माणसे जास्त होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. या दोन्ही ठिकाणी ना खवळलेला समुद्र होता ना वादळ. आपल्यासारखेच शांत पाणी होते.

डोळ्यांचाही प्रश्न आहे. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका पांढऱ्या झगमगाटात ती सवय मोडते. बाराला आकाशाकडे पाहणाऱ्या नाविकाला सव्वाबाराला समोरचे वल्हे दिसत नाही. कान तर आधीच बधिर झालेले असतात. पाण्यात पडलेल्याची हाक दहा हातांवरूनही ऐकू येत नाही, आणि काठावरच्यांना वाटते की पोरे आनंदाने ओरडताहेत. रात्री थंड हवा या खोऱ्यात तळाशी बसते, वारा पडतो आणि धूर वर जात नाही. तो पाण्यावर पांढऱ्या चादरीसारखा पसरतो, त्यात धुके मिसळते. मग समोरच्या काठावरचे दिवे एकेक करून विझल्यासारखे दिसेनासे होतात आणि बोटवाल्याला आपला काठ कोणता तेच समजत नाही.

म्हणून आमच्या हिशोबाने सगळ्यात वाईट वेळ 12.30 ते 1.15 ही आहे. आतषबाजी संपलेली असते, सगळ्यांना एकदम काठावर यायचे असते, कुणाकडे दिवा नसतो, आणि काही जणांच्या पोटात दारू गेलेली असते. टकरी तेव्हा होतात. धक्क्यावर बोट लागायच्या आत उडी मारणारे पाण्यात पडतात ते तेव्हाच. गार पाण्यात अचानक पडले की पहिल्याच क्षणी माणूस मोठा श्वास ओढतो आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जाते. पट्टीचा पोहणाराही इथे फसतो.

आता काय लागणार ते सांगतो.

लाइफ जॅकेट 120 हवीत: मोठ्यांची 90, मुलांची 30. मोठ्यांची किमान 100 न्यूटन उचल (पाण्यात माणसाला वर ढकलणारा जोर) असलेली असावीत. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर मूल जॅकेटातून खाली सरकते आणि जॅकेट एकटेच वर तरंगते. तुमच्याकडे जुनी पडून असतील तर आणण्याआधी पारखा. जॅकेट घाला, बक्कल लावा आणि दुसऱ्याला दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर गेले तर ते त्या मापाचे नाही. आतला फोम दाबून पाहा. वर्षभर बसायला गादी म्हणून वापरलेल्या जॅकेटचा फोम चपटा होतो, ते दिसायला नारंगी राहते पण माणूस उचलत नाही. अशी आम्ही घेणार नाही. प्रत्येकाच्या खांद्यावर चमकणारी पट्टी शिवायची आहे आणि एक शिट्टी बांधायची आहे. शिट्टी आत गोळी नसलेली घ्या, गोळीची शिट्टी भिजली की वाजत नाही.

फेकदोऱ्या 16 हव्यात, प्रत्येकी 20 मीटर, 8 मिलीमीटर जाडीची पॉलिप्रॉपिलीनची दोरी. नायलॉनची मजबूत असते, पण पाण्यात बुडते आणि बोटीच्या पंख्यात अडकते, म्हणून ती चालणार नाही. दोरी चळत न घालता कापडी पिशवीत सुटी कोंबायची, म्हणजे फेकल्यावर गाठ न बसता सुटत जाते. पिशव्या शिवून देणारे शिंपीदादा पुढे आले तर ते दान दोरीइतकेच मोलाचे आहे.

काठापासून 150 मीटरवर एक सीमारेषा आखायची आहे. त्या रेषेच्या आत त्या रात्री फक्त बचावबोट जाईल. दीड किलोमीटरच्या पट्ट्यात दर 50 मीटरला एक खूण धरली तर 20 लिटरचे 31 रिकामे कॅन लागतील. झाकण घट्ट असलेले, आत कधीही कीटकनाशक न भरलेले, कारण हे पाणी पिंपरी-चिंचवडची लाखो माणसे पितात. प्रत्येकाला पांढरा रंग, चमकपट्टी आणि बॅटरीवरचा छोटा दिवा. खाली वाळूचे पोते, आणि दोरी त्या जागच्या खोलीच्या दीडपट. दोरी अगदी ताणलेली ठेवली तर लाटेबरोबर पोते उचलले जाते आणि खूण वाहून जाते. 1 जानेवारीला सकाळी पोत्यांसह सगळे बाहेर काढायचे. खाली पाण्यात वाघेश्वराचे देऊळ आहे, उन्हाळ्यात ते वर आले की भोवती आपली पोती दिसता कामा नयेत.

बचावबोटी चार आहेत, त्यांची मशीन ठीक आहेत. प्रत्येकीला हवी एक शोधबत्ती, एक जादा वल्ह्यांची जोडी, लाल-हिरवा-पांढरा असे दिवे, आणि नाविकाच्या मनगटाला बांधायची ती लाल दोरी, जी सुटली की मशीन आपोआप बंद पडते. चारपैकी दोन बोटींना ती नाही. नाविक पडला तर मोकळी बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, म्हणून ही दोरी सर्वांत आधी हवी. विजेऱ्यांना लाल जिलेटिन कागद लावायचा आहे, लाल उजेडाने अंधारात बसलेली नजर मोडत नाही. कागदाची दोन मोठी भेंडोळी पुरतील. बोटींपासून काठापर्यंत बोलायला परवाना न लागणारे वॉकीटॉकी 10 लागतील, कारण बारा वाजता सगळे एकदम शुभेच्छा पाठवतात आणि मोबाइल लागत नाही. शिवाय 20 जाड घोंगड्या, प्रथमोपचाराच्या 5 पेट्या आणि जळलेल्यावर लावायला भरपूर स्वच्छ साधे पाणी. टूथपेस्ट, हळद, बर्फ कुणीही लावू नये.

माणसे 40 हवीत. बोटीवर तीन-तीन म्हणजे 12: एक नाविक, एक दोरीवाला, एक फक्त पाण्याकडे पाहणारा. त्या तिसऱ्याने आकाशाकडे एकदाही पाहायचे नाही, म्हणून त्या कामाला शांत स्वभावाचा माणूस द्या. काठावर पाच ठिकाणी चार-चार म्हणजे 20. उरलेल्या आठांपैकी चौघे प्रथमोपचाराला आणि चौघे रस्त्यावर. रस्त्यावरचे काम कमी समजू नका. रुग्णवाहिका कामशेत किंवा लोणावळ्याकडून यायची आणि त्या रात्री अरुंद रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या लावलेल्या असतात. 108 ला फोन केल्यावर गाडी आत येईपर्यंत वाट मोकळी ठेवणे हेच त्या चौघांचे काम.

पोहता येणे ही अट नाही. बुडणाऱ्याला काढताना पाण्यात उडी सगळ्यात शेवटी. आधी काठी किंवा वल्हे पुढे करायचे, नाहीतर दोरी फेकायची, नाहीतर बोट न्यायची. बोट जवळ नेताना मशीन न्यूट्रलला आणि हाताच्या अंतरावर आल्यावर पूर्ण बंद. वर काढलेल्याचा श्वास चालत नसेल तर पोट दाबत बसायचे नाही, उलटे टांगायचे तर मुळीच नाही. आधी तोंडाने पाच श्वास, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, मदत येईपर्यंत. हे सगळे सरावात हाताने करून घेऊ.

कॅम्पवाल्यांना एक वेगळी विनंती. संध्याकाळी सहाला आपापल्या बोटी, कयाक, तराफे काठावर ओढून साखळीने बांधा, वल्ही आणि किल्ल्या कार्यालयात ठेवा. नुसते "जाऊ नका" सांगून रात्री बाराला कुणी थांबत नाही. वल्हे हाताशी नसले की थांबतो. पाहुण्यांची मोजणी 11.30 ला आणि 1.15 ला, दोनदा वहीत लिहा. एक माणूस कमी भरला तर तो झोपला असेल असे गृहीत धरू नका, लगेच आमच्या काठावरच्या माणसाला कळवा.

पैशांची मदत रोख स्वीकारणार नाही. दुकानाचे बिल थेट भरा किंवा वस्तू घेऊन द्या, प्रत्येक वस्तूची पावती मिळेल. सगळी यादी, काय आले आणि काय राहिले, दर रविवारी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल. सामान 20 डिसेंबरपर्यंत पोहोचले तर तपासून, पट्ट्या शिवून तयार करता येईल. त्यानंतर आलेले जॅकेट त्या रात्री वापरता येईलच असे नाही. सराव डिसेंबरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी सकाळी 7 ला, पवनानगरच्या चौकात जमायचे. अंगावर भिजले तरी चालतील असे कपडे, सोबत कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल आणा.

आपले नम्र,
पवना जलाशयाच्या काठावरील नाविक, पोहणारे आणि ग्रामस्थ