रंगमंचावर फरशी नको, फळ्याच हव्यात

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

5 नोव्हेंबर जवळ आला की सांगलीत विष्णुदास भावे आणि त्यांनी 1843 साली केलेल्या ‘सीता स्वयंवर’ या पहिल्या मराठी नाटकाची आठवण निघते. निघायलाच हवी. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी भाव्यांना तशाच धर्तीचा, पण अधिक नेटका खेळ बसवायला सांगितला आणि आश्रयही दिला. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय आटला आणि मंडळींना गाव सोडून फिरावे लागले. मुंबईत 1853 मध्ये तिकीट लावून खेळ झाले. तेव्हापासून नाटकाचा पोशिंदा म्हणजे तिकीट काढणारा प्रेक्षक. म्हणूनच नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा पैसा नेमका कुठे जातो, हे विचारायचा त्याला हक्क आहे.

सांगलीत भाव्यांच्या आणि मिरजेत बालगंधर्वांच्या नावाने नाट्यमंदिर आहे. साताऱ्याला शाहू कला मंदिर आहे. कुठल्याही गावात नूतनीकरण निघाले की आधी दर्शनी भाग, खुर्च्या आणि वातानुकूलन यांचीच चर्चा होते. आमच्या मते पहिला पैसा रंगमंचाच्या जमिनीवर खर्च व्हावा.

झाडायला सोपी म्हणून रंगमंचावर फरशी बसवायची सूचना हमखास येते. ती मान्य करू नये. नेपथ्याचा फ्लॅट, म्हणजे भिंत दाखवणारी उभी चौकट, मागच्या तिरप्या टेकूवर उभा असतो आणि तो टेकू स्क्रूने जमिनीत धरतो. फरशीत स्क्रू जात नाही, मग वाळूची पोती ठेवावी लागतात आणि अंधारात प्रवेश बदलताना नट त्यांनाच ठेचकाळतो. नृत्य करणाऱ्यांच्या गुडघ्या-घोट्यांना फरशी झटके देते ते वेगळेच. सव्वा इंची सागवानी फळ्या, खाली दीड-दोन फुटांवर वासे, त्याखाली किमान फूटभर पोकळी आणि हवा खेळायला जाळ्या, एवढे हवे. वर काळा, न चमकणारा रंग द्यावा. सभा-संमेलनांसाठी सभागृह भाड्याने देताना रंगमंचावर मोठे खिळे ठोकू नयेत आणि गालिचा चिकटवू नये, ही अट पावतीवरच छापावी.

आपल्याकडे पुराचा विचार टाळून चालत नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी 45 फूट आहे आणि ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. प्लायवूड भिजले की कडेने फुगते, त्याचे थर सुटतात आणि ते फेकूनच द्यावे लागते. सागाची फळी मात्र उचकटून, सावलीत वाळवून पुन्हा बसवता येते. पाणी ओसरल्यावर घाईने गालिचा अंथरला तर आत ओल कोंडते आणि पुढच्या वर्षी वासे कुजलेले निघतात. मुख्य विद्युत पॅनेल आणि डिमर (दिवे कमी-जास्त करणारी यंत्रे) तळघरात कधीच नसावेत. 2019 ची पूररेषा भिंतीवर खुणेने दाखवून तिच्या वरच ते बसवावेत.

विजेचा हिशोब साधा आहे. 1000 वॅटचा एक पार दिवा (रंगमंचावर झोत टाकणारा) 230 व्होल्टला साडेचार अँपिअरच्या आसपास वीज घेतो. असे 60 दिवे म्हणजे 60 किलोवॅट, म्हणजे तीन फेजांत वाटले की प्रत्येक फेजवर 20 किलोवॅट. डिमर चालू असताना तिन्ही फेज समतोल असल्या तरी न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, प्रवाह वाहतोच. म्हणून न्यूट्रलची तार फेजपेक्षा बारीक घेतली की ती तापते. ध्वनियंत्रणेची लाइन डिमरपासून वेगळी नेली नाही, तर दिवे मंद करताच स्पीकरमधून गुरगुर येते. एलईडी दिव्यांनी भार बराच उतरतो, पण जुनी तार तशीच ठेवायला ते कारण होत नाही.

खुर्च्यांबद्दल एकच सांगणे आहे. कापडी गादीच्या काढून प्लॅस्टिकच्या टाकल्या की अर्धे भरलेले सभागृह घुमू लागते आणि संवादातली शेवटची अक्षरे विरतात. मग आवाज वाढवतात, त्याने घुमणे आणखी वाढते.

आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी मापांची एक वही करावी. रंगमंचाच्या दर्शनी चौकटीची रुंदी व उंची, रंगमंचाची खोली, दोन्ही विंगांमधली जागा, दिवे-पडदे टांगायचे वरचे बार किती, प्रत्येकावर किती किलो चालते, प्रत्येक फेजला किती अँपिअर, माल आत न्यायचे दार किती फुटी, हे सगळे त्यात असावे. तिची एक प्रत बुकिंगच्या खिडकीत राहू द्यावी. दौऱ्यावरचा नेपथ्यकार ट्रक भरण्याआधी फोन करतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चौकटीची उंची किती?

– नेपथ्य व प्रकाशयोजना करणारे काही जण, सांगली