इंग्रजीचा भूतकाळ तक्त्यातून वाक्यात यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 सालीच सुरू झाले. तरीही आमच्या परभणी-हिंगोली भागातील सातवी-आठवीच्या अनेक मुलांना काल काय घडले हे त्या भाषेत चार वाक्यांत सांगता येत नाही, कारण क्रियापदांच्या रूपांचा तक्ता घोकून घेतला जातो, वापरून घेतला जात नाही. ‘गो, वेंट, गॉन’ तोंडपाठ असलेला मुलगा नकार देताना हमखास ‘आय डिड नॉट वेंट’ लिहितो. ‘डिड’ आले की भूतकाळ तेच दाखवते आणि पुढचे क्रियापद मूळ रूपात राहते, हे त्याला वाक्यांतून कोणी दाखवलेलेच नसते. उच्चारात ‘वॉक्ट’चा (walked) ‘वॉकेड’ होतो, तो वेगळाच.

भावनांचे शब्दही याच सरावात यावेत. पोळ्याला बैल सजवताना, काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस कोसळताना किंवा आई-वडील ऊसतोडीला निघाले त्या दिवशी काय वाटले, हे सांगायला ‘हॅपी’ आणि ‘सॅड’ पुरत नाहीत. ‘प्राउड’, ‘वरीड’, ‘लोन्ली’ लागतात. ‘बोअर्ड’ म्हणजे कंटाळलेला आणि ‘बोरिंग’ म्हणजे कंटाळवाणा, हा भेदही असाच पक्का होतो. एरवी मुले बिचारी स्वतःलाच कंटाळवाणी ठरवतात! परिपाठात रोज दोघा-तिघांनी कालचा एखादा प्रसंग इंग्रजीत सांगावा आणि शिक्षकांनी मध्येच न टोकता शेवटी दुरुस्ती करावी, अशी सूचना शिक्षण विभागाने शाळांना द्यावी, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षक, जिंतूर, जि. परभणी