एकोणशंभर का नाही?

नागपूर
२६ नोव्हेंबर २०२३

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

काल जावईबापूंसोबत बाळ्या गाडीत बसला आणि घर एकदम सुनं झालं. तुझी आई अजून त्याच्या चपला शोधते आहे. एक इथेच राहिली म्हणते.

“सुट्टीत तीसपर्यंत पाढे पक्के करून घ्या” असं तू बजावलं होतंस. वीसपर्यंत झाले. तेराला अडखळतो, सतरा तर रडतखडतच म्हणतो, आणि सात आठे छप्पन्नला अजून बोटं मोजतो. तिकडे तू लक्ष दे, ते चालायचं नाही. वीसच्या पुढे मात्र मीच त्याला नेलं नाही. का, तेच सांगायला हे पत्र.

गोकुळपेठेत भाजीला गेलो होतो. मेथी, सांभार, वांगी घेतली. मावशी म्हणाल्या, “एकोणसत्तर झाले.” पोरगं माझ्या तोंडाकडे पाहत, “आबा, सिक्स्टी नाइन की सेव्हंटी नाइन?” चौथीपर्यंत मराठी आणि मग सेमी, त्यामुळे हा घोळ. मी सांगितलं, एकोण म्हणजे एक उणा. सत्तरला एक उणा. त्याला भारीच आवडलं. स्कूटरवर मागे बसून सुरू: एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास... एकोणनव्वद, एकोणशंभर!

“नव्व्याण्णव,” मी म्हणालो.

“का?”

आता काय सांगू? माझं वय एकसष्ट. पस्तीस वर्षं बँकेत आकडे लिहिले. नव्व्याण्णव हजारदा म्हटलं असेल, पण हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला ‘साठ तीन’ म्हणायचं आलं तेव्हा मी जेवणाच्या ताटावर किती तावातावानं बोललो होतो, आठवतं ना? बाळ्या तेव्हा दुसरीतच होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, स्वतः गणितातल्या विदुषी. त्यांचं म्हणणं साधं होतं: लिहिताना आपण सहा आधी लिहितो आणि बोलताना तीन आधी बोलतो, त्यात लहान मुलं गोंधळतात, शिवाय जोडाक्षरं. मला ‘साठ तीन’ आजही कानाला खटकतं. पण गोंधळ होतो की नाही, ते मी गोकुळपेठेत पाहिलं.

तुझे आजोबा इतवारीत धान्याच्या दुकानात मुनीम होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण ते थेट साडेतीनचे पाढे, सगळे मुखोद्गत. तुला वाटेल, नुसती घोकंपट्टी. तसं नव्हतं. मण चाळीस शेरांचा आणि रुपया सोळा आण्यांचा. म्हणजे मणाला जितके रुपये, अडीच शेरांना तितकेच आणे. गहू सोळा रुपये मण असला तर अडीच शेर सोळा आण्यांना, म्हणजे रुपयाला. कागद नको, पेन्सिल नको. त्यांची अडीचकी तराजूशी बांधलेली होती.

मग १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले, मागोमाग शेर-मणही गेले. मी १९६८ ला पहिलीत बसलो, तरी गुरुजी आमच्याकडून पावकी-निमकी म्हणवून घेतच होते. आणे गेले, सूर राहिला. चुकलं की छडी. आठवीत एकदम संच आले. महिरपी कंसात आंबा, पेरू, चिकू लिहायचे आणि हा फळांचा संच. शिकवणाऱ्यांनाही ते का शिकवायचं याचा पत्ता नसावा. त्याचं मूळ पुढे कळलं: त्याच १९५७ च्या ऑक्टोबरात रशियानं स्पुतनिक सोडला, अमेरिका धास्तावली, आपली पोरं गणितात मागे पडतील म्हणून तिथे ‘नवे गणित’ काढलं, आणि ते फिरत फिरत आमच्या वर्गात पोचलं. एकाच वर्षानं बाबांची पावकी मोडीत काढली आणि माझ्या डोक्यावर महिरपी कंस ठेवले!

आता मूळ गोष्ट. बाळ्याला मी अपूर्णांकांचा भागाकार घातला. पाऊण भागिले एक अष्टमांश. मी म्हणणारच होतो, “उलटं कर आणि गुण.” त्यानं जुन्या पेपरची लांब पट्टी फाडली, तीन घड्या घातल्या, आठ भाग केले, सहा भागांवर रेघ मारली. “हे पाऊण. यात आठवा भाग किती वेळा बसतो? सहा वेळा.” झालं. मी त्या पट्टीकडे पाहतच राहिलो. अगं, पाऊण शेरात अदपाव, म्हणजे अर्धा पाव, किती, असं बाबांना विचारलं असतं तर झोपेतही ‘सहा’ म्हणाले असते! बाजारातला अदपाव आणि वहीतला एक अष्टमांश एकच, हे माझ्या डोक्यात कधी जुळलंच नाही. मी फक्त उलटं करत राहिलो.

आणि तुलाही तेच करायला लावलं. तू सहावीत होतीस, महालातल्या जुन्या घरी. “बाबा, उलटं का करायचं?” असं तू तीनदा विचारलंस आणि तिसऱ्यांदा मी तुझी वही अंगणात भिरकावली. ओल्या अंगणातून ती उचलून तू फ्रॉकला पुसलीस, ते मला दिसतं. पुढे दहावीनंतर तू गणित सोडलंस तेव्हा ‘हिला डोकंच नाही त्या विषयाचं’ असं चारचौघांत मीच म्हणालो. मला उत्तर येत नव्हतं, बेटा, म्हणून आवाज चढला होता. चुकलंच माझं. म्हणूनच यंदा वीसच्या पुढच्या पाढ्यांपेक्षा बाळ्याच्या ‘का?’लाच वेळ दिला.

सोबत आंबिया बहाराची संत्री दिली आहेत, चार डझन. दोन-तीन मऊ लागतील, ती आधी संपव. औटकी मी त्याला गंमत म्हणून शिकवली आहे, साडेतीन, सात, साडेदहा करत तो चौदापाशी थांबतो. आणि ते एकोणशंभरचं तो तुला विचारणारच आहे. तुला सापडलं तर मलाही कळव.

तुझा,
बाबा