ओल्या सावलीला पेव्हर ब्लॉक नको, नेचे लावा

महोदय,

पावसाळा तोंडावर आला की सोसायट्यांमध्ये आणि बंगल्यांमध्ये एक काम हमखास निघतं: इमारतीच्या उत्तरेकडची, कायम ओली राहणारी पट्टी 'साफ' करणं. ब्लीचिंग पावडर टाकायची, भिंतीलगतचे नेचे (फर्न) उपटायचे आणि वर पेव्हर ब्लॉक बसवायचे. ज्यांना हिरवळ हवी असते ते कार्पेट लॉन अंथरतात. पण लॉनला रोज पाच-सहा तास ऊन लागतं, ते साइड मार्जिनला, म्हणजे इमारत आणि कंपाउंडमधल्या पट्टीला, मिळत नाही. लॉन विरळ होतं, पिवळं पडतं आणि शेवटी चिखल उरतो. सह्याद्रीतल्या कितीतरी नेच्यांना मात्र नेमकी अशीच जागा हवी असते.

तिथे खणलं की आधी बांधकामाचा भराव लागतो. सिमेंटचा चुरा आणि चुना यांमुळे माती अल्कधर्मी होते, बहुतेक नेचे त्यात खुरटतात. म्हणून वीसेक सेंटिमीटर खणून डेब्रिज बाहेर काढावं आणि दोन भाग लाल माती, दोन भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग जाड रेती किंवा विटांचे बारीक तुकडे असं मिश्रण भरावं. मातीची पातळी जोत्यापेक्षा किमान 15 सेंटिमीटर खाली आणि उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर ओल घरात शिरते. पाणी साचू देऊ नये. त्याने मुळं कुजतात आणि डासही होतात.

नेच्यांपैकी मागे उंचीला टेक्टारिया, मधे क्रिस्टेला, पुढच्या कडेला हंसराज अशी रचना चांगली बसते. चुन्याच्या जुन्या कंपाउंड भिंतीत टेरिस विटाटा हा नेचा आपणहून येतो, तो राहू द्यावा. भिंत फोडतात ते पिंपळ आणि उंबर. त्यांची रोपं मात्र लहान असतानाच काढावीत. बाशिंग हा झाडावर वाढणारा नेचा मातीत लावू नये. ते आंब्या-फणसाच्या खोडाला काथ्याने बांधावं, मुळं धरली की काथ्या आपोआप कुजून जातो. जमीन झाकायला मंडूकपर्णी 20 सेंटिमीटरवर आणि पिंपळीची तीन पेरांची कलमं 30 सेंटिमीटरवर लावावीत. वेडेलिया हा जमिनीवर पसरणारा वेल कितीही स्वस्त मिळाला तरी आणू नये. तो मध्य अमेरिकेतला आहे आणि एकदा पसरला की बाकी कशालाच जागा ठेवत नाही.

लागवड जूनच्या उत्तरार्धात, पाऊस स्थिरावल्यावर करावी. नेच्याचा कंद खोल पुरणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर तो कुजतो. ताजं शेण आणि युरिया अजिबात नको, नाजूक मुळं भाजतात. पानांखालचे तपकिरी ठिपके कीड समजून अनेक जण औषध फवारतात. ते बीजाणूंचे, म्हणजे ज्यांपासून नवे नेचे उगवतात त्या सूक्ष्म कणांचे, पुंजके असतात. हंसराजची पानं पावसाळा सरल्यावर वाळतात तेव्हा रोप मेलं म्हणून उपटून टाकू नये. कंद जिवंत असतो, पुढच्या पावसात फुटतो. त्याच्या पानाचा शेंडा लांबतो आणि ओल्या मातीला टेकला की तिथेच नवं रोप धरतो. म्हणून हंसराजभोवतीची थोडी माती मोकळी ठेवावी.

भिंती-दगडांवर मखमलीसारखं वाढणारं मॉस आणि पायाखाली बुळबुळणारं शेवाळ एक नव्हे. मॉसला खरी मुळं नसतात, ते पाणी पानांतूनच घेतं. उन्हाळ्यात करपल्यासारखं दिसलं तरी पहिल्या सरींनी हिरवं होतं. जांभ्याच्या चिऱ्यावर लावायचं तर चिरा आधी भिजवावा, आपल्याच भिंतीवरचे तळव्याएवढे तुकडे घट्ट दाबून बसवावेत आणि पाच-सहा आठवडे ओल टिकवावी. ताक किंवा दही फासण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो, पण त्याने बुरशीच येते. बोअरच्या जड पाण्याने पांढरे क्षार चढतात, तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी वापरावं. येण्याजाण्यासाठी वेगळे चिरे टाकावेत, मॉसवरून चालू नये.

रोपं जंगलातून मात्र आणू नयेत. आंबोली, महाबळेश्वर, माथेरानच्या कातळावरून सोललेला मॉसचा थर लवकर भरून येत नाही, आणि अभयारण्यातून वनस्पती काढणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्याऐवजी नेच्याचं पिकलेलं पान कागदात दोन दिवस ठेवलं की बीजाणू गळतात. उकळत्या पाण्यातून काढलेल्या विटेवर ते पेरावेत, वीट पाण्याच्या ताटलीत ठेवून वर काच झाकावी. काही आठवड्यांत हिरवी साय धरते, रोपं दिसायला मात्र काही महिने लागतात. एवढी सवड प्रत्येकाला नसते. म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आणि महापालिकांच्या उद्यान विभागांनी आपल्या रोपवाटिकांत बॉस्टन फर्नऐवजी हंसराज, टेक्टारिया, बाशिंग यांची रोपं बीजाणूंपासून तयार करून जूनपूर्वी विक्रीला ठेवावीत, ही विनंती.

– एक रोपवाटिकाचालक, चिपळूण