फुलांची जिन : मुरवण्याचे तास मोजा

संपादक महोदय,

घरच्या घरी फुलांची जिन करण्याच्या कृती पुरवण्यांमधून वरचेवर येतात. बहुतेकींचा मजकूर एकच असतो : मूठभर पाकळ्या बाटलीत टाका, आठवडाभर ठेवा, गाळून घ्या. अशी केलेली जिन बहुधा तपकिरी, तुरट आणि शिळ्या पाल्याच्या वासाची निघते. चाळीस टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेले पेय फुलातला सुगंध पहिल्या काही तासांतच ओढून घेते. पुढे पाकळीतून उतरत राहतात ती टॅनिन (तुरटपणा आणणारी द्रव्ये) आणि कडवट, हिरवट द्रव्ये. म्हणजे आठवड्यातले उरलेले दिवस आपण चव बिघडवण्यातच घालवतो.

प्रत्येक फुलाचा वेळ वेगळा असतो. खालची मापे ७५० मिलि जिनसाठी आहेत. सुवासिक गुलाबाच्या ताज्या पाकळ्या ३० ग्रॅम किंवा सुक्या ६ ते ८ ग्रॅम घ्याव्यात आणि १२ ते २४ तास ठेवाव्यात. पाकळीच्या बुडाचा पांढरा भाग कडू असतो, तो कात्रीने काढावा. लॅव्हेंडर सुके असेल तर चहाचा सपाट एक चमचा पुरतो आणि वेळ दोन ते चार तासच. त्यापुढे साबणाची चव येते. गोकर्णाची सुकी फुले दहा-बारा घ्यावीत. तासा-दोन तासांत गडद निळा रंग उतरतो. त्याला सुगंध जवळजवळ नसतोच, तेव्हा ‘आणखी थोडा वेळ’ ठेवून हाती काही लागत नाही. फुलामागचा हिरवा भाग मात्र काढावा, नाहीतर कच्च्या मटारासारखी चव येते.

मोगऱ्याचे थोडे सविस्तर सांगावे लागेल. मिटलेल्या कळीत वास फारसा नसतो; संध्याकाळी कळी उमलू लागली की तो सुटतो. म्हणून कळ्या दुपारनंतर खुडून उमलू द्याव्यात आणि रात्री १५ ग्रॅम फुले जिनमध्ये घालावीत. दोन तासांनी चव घ्यावी, पुढे दर अर्ध्या तासाने. चार तासांच्या आत फुले बाहेर काढावीत. जास्त वेळ राहिली तर तोच सुगंध जड होऊन कुजकट वाटू लागतो.

वजनकाट्याला पर्याय नाही. ताज्या फुलांत सुमारे ८५ टक्के पाणी असते. ४२.८ टक्क्यांच्या ७५० मिलि जिनमध्ये २०० ग्रॅम फुले दाबून भरली तर त्यांतले पाणी मिसळून ती ३५ टक्क्यांच्या आसपास येते आणि पुचाट लागते. पूर्ण बाटली पणाला लावण्याआधी १०० मिलि जिनमध्ये ४ ग्रॅम ताज्या पाकळ्या टाकून पाहाव्यात.

भांडे काचेचे, रुंद तोंडाचे आणि कोरडे असावे. लोखंडाचा स्पर्श झाला तर फुलांचा रंग मळकट होतो. पाकळ्या एकदाच पाण्यातून काढून कापडावर पूर्ण सुकवाव्यात. जिनच्या वर तरंगणाऱ्या पाकळ्या हवेने काळपट पडतात, म्हणून त्या आत दाबून ठेवायला काचेची लहान वाटी ठेवावी. बरणी अंधारात राहावी. लवकर व्हावे म्हणून गरम करणे पूर्ण चुकीचे : सुगंध उडतो, आणि ४० टक्के अल्कोहोलची वाफ सुमारे २६ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते. आधी मलमलीतून आणि मग कॉफीच्या गाळणकागदातून गाळावे. चोथा पिळण्याचा मोह आवरावा. पिळल्यावर येतो तो कडवटपणा आणि गढूळपणा.

बिघडलेले काही वेळा सावरते. सुगंध उग्र झाला तर साधी जिन मिसळून सौम्य करता येतो. तुरटपणा मात्र नुसता विरळ होतो, जात नाही. गुलाबाची जिन गुलाबी न होता फिकट पिवळसर झाली तर त्यात चूक काही नाही. गुलाबीच हवी असेल तर लाल अंबाडीच्या बोंडांचे दोन-तीन सुके तुकडे तासभर टाकावेत. गोकर्णाची निळी जिन लिंबू किंवा टॉनिकमधल्या आम्लाने जांभळी-गुलाबी होते, ते अपेक्षितच आहे. बर्फाने किंवा टॉनिकने दुधी झाली तर तीत उतरलेले सुगंधी तेल वेगळे होत आहे, एवढेच. तयार जिन दोन-तीन महिन्यांत संपवावी. ती नासत नाही, पण वास मंदावतो. आणि हो, तिला ‘लंडन ड्राय’ म्हणू नये. युरोपीय नियमांनुसार त्या प्रकारात ऊर्ध्वपातनानंतर स्वाद किंवा रंग घालता येत नाही.

यातले काही चुकले तर फार तर एक बाटली वाया जाते. फूलच चुकीचे निवडले तर जीव धोक्यात येतो. कण्हेर, पिवळी कण्हेर आणि धोतरा यांतली विषारी द्रव्ये अल्कोहोलमध्ये सहज उतरतात. एल्डर या युरोपीय झुडपाची फुले (एल्डरफ्लॉवर) चालतात, पण त्याचे देठ आणि पाने चालत नाहीत. जास्मिनच्या नावाने ओळखली जाणारी पिवळ्या फुलांची वेल गेल्सेमियम मोगऱ्याच्या कुळातलीच नव्हे आणि ती विषारी आहे. शोभेसाठी विकल्या जाणाऱ्या फुलांवर कीटकनाशके मारलेली असतात. त्यांतली काही झाडाच्या आतपर्यंत शिरतात आणि धुऊन निघत नाहीत. तेव्हा फुले खाण्यासाठी म्हणून वाढवलेलीच घ्यावीत.

आपल्याला विनंती एवढीच : यापुढे अशी कृती छापताना फुलाचे शास्त्रीय नाव, ग्रॅममधले वजन आणि मुरवण्याचे तास जरूर द्यावेत. ‘मूठभर’ आणि ‘आठवडाभर’ हे दोन शब्द काढले तरी चालतील.

– एक वाचक