तोंडी सांगितलेलं उत्तर चूक कसं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज केळीचा भाव येतो. आमच्याकडे सकाळी आजोबा तो मोठ्याने वाचतात आणि शेजारी चहात बिस्कीट बुडवत बसलेला माझा मुलगा तिथेच हिशोब सांगतो. मागच्या महिन्यात आमची गाडी भरली, ६२ क्विंटल माल, १३५० चा भाव, व्यापाऱ्याचा माणूस मोबाईल काढून कॅल्क्युलेटर उघडेपर्यंत पोरगं बोललं त्र्याऐंशी हजार सातशे. बरोबर होतं. त्याच आठवड्यात शाळेत घटक चाचणी झाली, गणित होतं ९५ गुणिले ४८, याने मनात ४५६० केलं आणि कागदावर उतरवलं ४६५०. शून्य मार्क, आणि खाली लाल पेनाने "लक्ष देत नाही".

मुलगा सातवीत आहे. त्याला लर्निंग डिसॅबिलिटी आहे, डिस्लेक्सिया म्हणजे वाचायची अडचण आणि डिसग्राफिया म्हणजे लिहायची, दोन्ही, तसं सरकारी दवाखान्याचं सर्टिफिकेट आहे. जोडाक्षर आलं की तो अडतो, वेलांटी भलत्याच अक्षराला जाते, रफार तर विचारूच नका. फळ्यावरून उतरवून घेताना मधल्या दोन ओळी गायब असतात आणि त्याला ते कळतही नाही. हे आम्हाला कळायला सहावी उजाडली, तोवर "आळशी आहे", "घरी अभ्यास घेत नाहीत", "मोबाईल बघतो" हे सगळं ऐकून झालं, आणि खोटं कशाला बोलू, मी स्वतः त्याला दोनदा मारलं पण आहे. माझी आई मात्र आधीपासून म्हणायची, "त्याले समदं समजस, लिखता येत नही". आम्हाला वाटायचं आजीचा लाडका नातू आहे म्हणून म्हणते.

तालुक्याला समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे जे विशेष शिक्षक असतात त्यांच्यातल्या एकाने शाळेत आल्यावर ओळखलं. भला माणूस. पण एका माणसाकडे इतक्या शाळा की परत कधी येईल सांगता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय की प्राथमिकला अशा १० मुलांमागे आणि माध्यमिकला १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक पाहिजे. आमच्याकडे ते गणित कुठे बसतं ते ज्याने त्याने बघावं.

सर्टिफिकेट घेऊन शाळेत गेलो तर उत्तर मिळालं, "दहावीला बघू, बोर्डाला प्रपोजल पाठवू, तेव्हा सगळं मिळतं." शाळेचं नाव घालत नाही, पोराला तिथेच शिकायचंय. आता दहावीला मिळतं हे खरंय. तासाला २० मिनिटं म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो, खालच्या वर्गातला लेखनिक, म्हणजे हा सांगेल ते लिहून देणारा, घेता येतो, शाळेतून नाशिक विभागीय मंडळाकडे कागद जातात. पण दहावीपर्यंत पोरगं टिकलं पाहिजे ना. तोपर्यंत तीन वर्षं दर चाचणीला शून्य, चार, सहा असे मार्क घेऊन त्याला स्वतःलाच वाटायला लागेल की आपल्याला काही येत नाही, आणि मग एक दिवस तो म्हणेल पप्पा मी शेतातच येतो. आमच्या गल्लीत अशी दोन पोरं आहेत, आज ट्रॅक्टरचं इंजिन खोलून जोडतात, शाळेने त्यांना "ढ" म्हणून सोडलं होतं.

आणि कायद्यात कुठेच दहावीपासून असं लिहिलेलं नाही. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा आला त्यात २१ प्रकार आहेत, त्यात लर्निंग डिसॅबिलिटी आहे. शाळेने अशा मुलांना लवकरात लवकर ओळखायचं, अभ्यासक्रमात आणि परीक्षेत बदल करायचे, जादा वेळ द्यायचा, लेखनिक द्यायचा हे त्यात स्पष्ट आहे. २०१८ च्या केंद्राच्या नियमावलीत तर तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा शिक्षकांनी स्क्रीनिंग करायचं आणि प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली कमिटी ठेवायची असं म्हटलंय. मी कमिटीचं विचारलं तेव्हा ऑफिसमधल्या सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

बरं, यासाठी पैसा लागतो असंही नाही. आपल्या राज्यात २०१० पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण मूल्यमापन आहे, सातवी-आठवीला आकारिकचे म्हणजे वर्षभराच्या कामाचे ४० आणि संकलितचे म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे ६०. आकारिकमध्ये तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, उपक्रम, प्रकल्प आहे. म्हणजे बोलून, करून दाखवून मार्क मिळवायची सोय आधीच आहे. फक्त त्याची नोंदवही शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरली जाते, लेखी चाचणीला कमी मार्क तर तोंडीलाही कमी, कारण तोंडी कोणी विचारलेलंच नसतं. ६० पोरांचा वर्ग, वरून निवडणुकीची कामं, सर्व्हे, ऑनलाइन माहिती, सरांची पण दमछाक होते हे मला दिसतं. पण अशी मुलं वर्गात दोन-तीनच असतील, त्यांना मधल्या सुट्टीत पाच प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

अजून एक. माझ्या मुलाच्याच वर्गात मागच्या बाकावर एक पावरा आदिवासी मुलगा बसतो, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येतो. त्याला डिस्लेक्सिया वगैरे काही नाही, त्याच्या घरी पावरी बोलतात आणि पुस्तक मराठीत आहे, एवढंच. त्याला त्याच्या भाषेतून समजावणारं कोणीतरी पाहिजे, माझ्या मुलाला वेळ आणि लेखनिक पाहिजे. शाळेच्या लेखी दोघं "अप्रगत". एकाच गोळीने ताप आणि हाड मोडलेलं दोन्ही बरं करायला निघाल्यासारखं आहे हे.

लोक म्हणतात शहरात पैसेवाले खोटी सर्टिफिकेटं काढून मार्क वाढवून घेतात. घेत असतील, त्यांना पकडा. पण त्यासाठी आमच्या पोराला का अडवता? आणि जादा वेळ, लेखनिक याला "सवलत" म्हणणं पण बंद करा राव, सवलत एसटीच्या तिकिटात असते. चष्मेवाल्या पोराला आपण चष्म्याची सवलत दिली म्हणतो का?

आमच्या जिल्ह्यात स्नेहसंमेलनाला कुणीही पाहुणा आला की बहिणाबाईंचं नाव घेतो, अक्षरओळख नव्हती तरी केवढं काव्य रचलं म्हणून. टाळ्या पडतात, मीही वाजवतो. पण त्या म्हणायच्या आणि त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, घरच्यांनी ते लिहून ठेवलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. म्हणजे लेखनिकच झाला की तो!

मागच्या महिन्यात विज्ञानाच्या मॅडमनी स्वतःहून त्याची तोंडी घेतली. केळीच्या पानावरचा करपा रोग कसा पसरतो, दमट हवेत का वाढतो, खालची रोगट पानं कापून बागेबाहेर का न्यायची, सगळं सांगितलं त्याने, वरून मॅडमना विचारलं तुमच्याकडे किती खोडं आहेत. २० पैकी १७ दिले. मग ऑफिसमधून निरोप आला, तपासणीला लेखी पेपर दाखवावा लागतो, तोंडीचे मार्क धरता येणार नाहीत. लेखीचे ५ धरले.

सहामाही दिवाळीच्या आधी आहे. जादा वेळ, लेखनिक आणि तोंडी परीक्षा असा तिन्हीचा अर्ज मी सोमवारी देतोय, एक कॉपी गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दोन्हीकडे पोच घेणार आहे.

आपला,
एक पालक
ता. चोपडा, जि. जळगाव