लेबर रूममध्ये बाईजवळ तिचं एक माणूस राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोव्यातल्या वाढत्या सिझेरियनच्या बातम्या आपल्या पेपरात अधूनमधून येतात, मग डॉक्टरांवर तोंडसुख घेणारी दोन-चार पत्रं येतात आणि विषय थंड होतो. मला डॉक्टरांवर काही लिहायचं नाहीये. मला लिहायचंय त्या बाईबद्दल, जी कळा सुरू झाल्या की लेबर रूममध्ये जाते आणि तिची आई, सासू, नवरा जे कोण बरोबर आलेलं असेल ते दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून राहतं. आत तिच्याजवळ कोण असतं? बराच वेळ कोणीच नसतं. सिस्टर येतात, तपासतात, पुढच्या बाईकडे जातात, एकेका सिस्टरच्या अंगावर तीन-चार बायका असतात, त्या तरी किती ठिकाणी पुऱ्या पडणार.

माझं पहिलं बाळंतपण याच वर्षी झालं आणि मी डूला ठेवली होती. डिचोलीसारख्या गावात हे सांगितलं की लोक आधी विचारतात म्हणजे नर्स का, मग विचारतात तुझी आई होती ना मग पैसे देऊन बाई कशाला. प्रश्न चुकीचा नाहीये, म्हणून नीट सांगते. डूला ही डॉक्टर नाही, नर्स नाही, सुईण पण नाही. ती आतून तपासत नाही, बीपी घेत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, औषध तर अजिबात देत नाही. बाळंतपण डॉक्टर आणि सिस्टरच करतात. डूला फक्त बाईजवळ असते, कळा सुरू झाल्यापासून बाळ अंगावर येईपर्यंत आणि नंतरही थोडा वेळ, आणि या वेळात ती दुसऱ्या कुठल्याच कामाला उठून जात नाही, कारण तिला दुसरं कामच नसतं.

आता हे "फक्त जवळ असणं" म्हणजे नक्की काय ते बघा. माझ्या कळा पाठीतून येत होत्या, कमरेच्या खाली माकडहाडाच्या वर कोणीतरी फोडतंय असं व्हायचं. कळ चढायला लागली की ती मागून दोन्ही तळहातांनी माझी कंबर दोन्ही बाजूंनी आत दाबून धरायची, अगदी जोर लावून, आणि कळ उतरेपर्यंत सोडायची नाही. दुखणं थांबत नव्हतं पण सहन होण्यासारखं होत होतं. मधल्या वेळात मला आडवं पडू द्यायची नाही, भिंतीला हात टेकून उभं राहा, जरा झुल, खुर्चीवर उलटी बस, असं चाललेलं. मला पाणी नको वाटायचं तर स्ट्रॉ ओठाला लावायची, दर वेळी एकच घोट. डॉक्टर काही बोलून गेल्या की ती मला परत साध्या भाषेत सांगायची, की बघ आता पिशवीचं तोंड इतकं उघडलंय, बाळाचे ठोके चांगले आहेत, त्या कळा वाढवायची ड्रिप लावू का विचारतायत, तुला काही विचारायचं असेल तर आत्ता विचार. माझ्या वतीने ती एकदाही डॉक्टरांशी वाद घालायला गेली नाही. आणि मी रडायला लागले तेव्हा ती बया शांतपणे माझ्या कानाशी "भियेनाका गो, ही गेली, ही परत येत नाही" एवढंच म्हणत होती.

बाळ झाल्यावर पहिल्या तासात अंगावर घेऊन पाजायला लावलं, तोंडात नुसतं टोक नको, काळा भाग जास्तीत जास्त जायला हवा हे तिनेच दाखवलं. माझी आईपण होती हो, पण आई माझ्यापेक्षा जास्त घाबरली होती, तिच्या डोळ्यात पाणी बघून मला अजून रडू यायचं. आपल्या माणसाचं प्रेम वेगळं आणि डोकं शांत ठेवून रात्रभर उभं राहणं वेगळं, दोन्ही लागतं.

आता दुसरी बाजू. माझ्या मावसबहिणीचं बाळंतपण त्याच्या आधी काही महिने झालं. हॉस्पिटलचं नाव घेत नाही, घ्यायची गरजही नाही, कारण असं अनेक ठिकाणी होतं. तिला संध्याकाळी आत घेतलं आणि बाहेर सांगितलं की कोणालाही आत सोडत नाही. रात्रभर ती आत एकटी. बाजूच्या खाटेवर दुसरी बाई ओरडतेय, मध्ये धड पडदा नाही, हिला उठायची भीती वाटते म्हणून ही पाठीवर पडून, आणि मावशी बाहेर कॉफीचा थर्मास धरून बसलेली जो आत कधी गेलाच नाही. सकाळी सांगितलं प्रोग्रेस नाही, सिझर करावं लागेल. सिझर गरजेचं होतं की नव्हतं ते मला माहीत नाही, ते सांगायला मी डॉक्टर नाही, बाळ आणि आई दोघं सुखरूप आहेत. पण ती आजही त्या सिझरबद्दल बोलत नाही, ती त्या रात्रीबद्दल बोलते. कोणीतरी हात धरायला हवं होतं गं, एवढंच म्हणते.

हे नुसतं मनाला बरं वाटण्यापुरतं नाहीये हे लोकांना कळायला हवं. भीती वाटली की अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि ज्या ऑक्सिटोसिनमुळे कळा येतात त्याला ते आडवं येतं, कळा मंदावतात, मग बाळंतपण रेंगाळतं आणि रेंगाळलं की ड्रिप, आणि पुढे सिझर. यावर अभ्यासही झालेत. ग्वाटेमालातल्या एका हॉस्पिटलचा अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला, त्यात काही बायकांजवळ पूर्ण वेळ एक बाई ठेवली होती जी ना नातेवाईक होती ना शिकलेली नर्स, साधी अनोळखी बाई, तरी त्या बायकांच्या कळांचा वेळ एकट्या राहिलेल्या बायकांपेक्षा खूपच कमी भरला. नंतर २०१७ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास तपासणाऱ्या संस्थेने १७ देशांतले २६ अभ्यास एकत्र करून पाहिले, १५ हजारांहून जास्त बायका होत्या त्यात. सतत कोणीतरी सोबत असलेल्या बायकांमध्ये सिझरचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी कमी, नॉर्मल डिलिव्हरी जास्त, कळांचा वेळ सरासरी ४० मिनिटांनी कमी, दुखणं कमी करायच्या औषधांची गरज कमी, आणि बाळंतपणाचा अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्या बायकाही कमी. सिझर कमी होण्याचा फायदा सगळ्यात जास्त तिथे दिसला जिथे सोबतची व्यक्ती डूलाच्या भूमिकेत होती, आणि जिथे एपिड्युरल, म्हणजे पाठीत सुई देऊन कळांचं दुखणं कमी करायचं औषध, सहज मिळत नाही तिथे. आपल्याकडे किती बायकांना एपिड्युरल मिळतं हो? म्हणजे हा फायदा सगळ्यात जास्त आपल्याच बायकांना होण्यासारखा आहे.

गोव्यात २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सिझरचं प्रमाण ३१ टक्क्यांच्या वर होतं, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते ४० टक्क्यांच्या जवळ गेलं, आणि देशाची सरासरी तेव्हा २१.५ टक्के होती. आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक बाळंतपण हॉस्पिटलमध्ये होतं, ही खरंच अभिमानाची गोष्ट आहे आणि त्यात मागे जायचं नाहीये. माझ्या आजीचं माहेर सत्तरीत, तिच्या वेळी वाड्यावर वयजीण म्हणजे सुईण यायची, घरीच बाळंतपण व्हायचं आणि त्यात किती बायका आणि किती पोरं गेली ते आजी मोजून सांगायची, तो काळ परत यावा असं कोणीही म्हणू नये. पण त्या वयजिणीबरोबर घरात अजून दोन-तीन बायका असायच्या, कोणी पाठ चोळतेय, कोणी पेज करतेय, कोणी नुसतीच बसलीय. हॉस्पिटलात आल्यावर डॉक्टर मिळाले, रक्त मिळालं, ऑपरेशन थिएटर मिळालं, आणि या बायका मात्र दाराबाहेर राहिल्या. त्या आत यायला काय हरकत होती?

आणि नियमाप्रमाणे तर हरकत नाहीच आहे, हे मला डूला शोधताना समजलं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी हॉस्पिटलांत बाळंतपणाच्या वेळी बाईजवळ सोबतीण राहू द्यायला परवानगी दिलीय. शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली नात्यातली बाई, आणि जिथे आडोशाची सोय आहे तिथे नवरासुद्धा. अटी अगदी साध्या आहेत, तिला संसर्गाचा आजार नसावा, स्वच्छ कपडे घालावे, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, स्टाफच्या कामात आणि उपचारांत ढवळाढवळ करू नये, दुसऱ्या बायकांकडे जाऊ नये. यातली एकतरी अट आपल्या आयांना जमण्यासारखी नाही का? सरकारी लेबर रूम सुधारण्यासाठी डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण धरलेली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी असं स्पष्ट म्हटलंय. कागदावर सगळं आहे. दारावरच्या वॉचमनला कोणी सांगितलेलं नाही.

सिस्टर लोकांची बाजूही मला कळते. जागा कमी, नातेवाईक आत आले की गोंधळ घालतात, व्हिडिओ काढतात, आरडाओरडा करतात, काही वाईट झालं तर स्टाफवर धावून जातात. ही भीती खोटी नाही. पण त्यावर उपाय दार बंद करणं नाही, एकच माणूस, आधी नाव नोंदवलेलं, मोबाईल बाहेर, आणि दोन खाटांमध्ये पडदा. पडद्याला काही कोटी लागत नाहीत. आणि पाठ दाबणारं, पाणी देणारं, बाथरूमपर्यंत नेणारं माणूस आत असलं तर सिस्टरचंच काम हलकं होणार ना.

ज्यांना डूला ठेवायचीय त्यांच्यासाठी थोडं, कारण मला हे सांगणारं कोणी नव्हतं. आपल्या देशात डूलाला सरकारी लायसन्स किंवा नोंदणी असं काही नसतं, खाजगी संस्थांचे कोर्स असतात, त्यामुळे सर्टिफिकेट बघाच पण तिच्याबरोबर बाळंतपण झालेल्या दोन-तीन बायकांशी फोनवर बोला, ते जास्त उपयोगी. सातव्या महिन्यापर्यंत ठरवून टाका. ठरवायच्या आधी डॉक्टरांना विचारा की डूला आत चालेल का, आणि नवरा व डूला दोघं चालतील का, कारण बऱ्याच ठिकाणी एकच माणूस सोडतात आणि मग ऐन वेळी नवरा की डूला हा घोळ नको. बाळंतपणाआधी किती वेळा भेटणार, कुठल्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री बोलावलं तर येणार, ती स्वतः आजारी पडली तर बदली कोण, सिझर झालं तर काय, नंतर घरी किती वेळा येणार, पैसे कधी किती, हे लिहून घ्या, तोंडी नको. सिझर ठरलेलं असेल तरी डूलाचा उपयोग होतो, आधी धीर द्यायला आणि नंतर पाजायला. आणि एक महत्त्वाचं, जी डूला सांगते की डॉक्टरांचं ऐकू नका, सोनोग्राफी नको, सगळं घरीच करू, तिला दारातूनच परत पाठवा. जी डूला नॉर्मलची गॅरंटी देते तिलाही. बाळाचे ठोके कमी झाले, रक्तस्राव झाला, बीपी चढलं तर तिथे डॉक्टरच पाहिजेत, चांगली डूला हे स्वतःहून सांगते.

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. मला डूला परवडली कारण मी नोकरी करते, तरी पगारातला मोठा भाग गेला, आणि ती मिळाली ती किनाऱ्याकडच्या भागातून, डिचोलीत मला कोणी सापडली नाही. सांगे, काणकोण, वाळपईच्या आत राहणाऱ्या, खाणीवर किंवा काजूच्या बागेत राबणाऱ्या घरातल्या बाईला ती कोण देणार? तिला तर जास्त गरज आहे, तिला डॉक्टर काय बोलले ते विचारायची पण लाज वाटते. ग्वाटेमालातली ती बाई साधी अनोळखी बाई होती हे मी मुद्दाम लिहिलं. आपल्या गावागावांत अशा बायका आहेत, चार पोरं वाढवलेल्या, शांत डोक्याच्या, स्वयंसहाय्य गटांत काम केलेल्या. आरोग्य खात्याने त्यांना थोडं प्रशिक्षण द्यावं, कळ आली की कुठे दाबायचं, कसं उभं करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि मानधन देऊन बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), मडगाव-म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलांत आळीपाळीने ठेवावं. जिच्याबरोबर कोणीच येऊ शकत नाही, परप्रांतातून कामाला आलेली एकटी पोर असेल, तिच्याजवळ निदान यातली एक असेल.

तोपर्यंत एक काम तर उद्याच होऊ शकतं. २०१६ चा तो नियम मराठीत आणि कोकणीत मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक लेबर रूमच्या दारावर लावा, कोण आत येऊ शकतं आणि काय अटी आहेत तेवढंच, खाली तक्रारीसाठी फोन नंबर. खाजगी नर्सिंग होमनी पण आपला नियम काय तो सातव्या महिन्यातच लेखी द्यावा. आपल्या पेपरने याचा पाठपुरावा करावा, कुठल्या सरकारी हॉस्पिटलात सोबतीण आत सोडतात आणि कुठे नाही हे खात्याला विचारून छापावं, ही नम्र विनंती.

आपली,
एक वाचक, डिचोली